शॅमेलिऑनची पिल्लं, कॅल्गरीची कोरडी हवा आणि मिस्टकिंग: दोन हिवाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

मिस्टकिंग म्हणजे पिंजऱ्यात ठरल्या वेळी आपोआप पाणी फवारणारं मशीन. दोन हिवाळे या मशीनवर काढले, आता लिहायला हरकत नाही असं वाटलं म्हणून लिहितेय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि मी स्वतः शोधत होते तेव्हा मला कौतुक वाचायचं नव्हतं, मला एवढंच कळायला हवं होतं की बाहेर मायनस तीस, घरात फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, दिवसरात्र चालू, अशात तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला पाणी पाजायला हे पुरतं का. तर पुरतं, पण एकटं नाही पुरत, आणि कधी चालवायचं कधी बंद ठेवायचं यावर सगळा खेळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे दोन व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे सरड्याची एक जात, आहेत, ठेचा आणि पडवळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणले तेव्हा तीन महिन्यांचे होते, शेपूट सोडून माझ्या मधल्या बोटाएवढे. दोघंही नर, या जातीत नराच्या मागच्या टाचेला जन्मापासून एक बारीक काटा असतो त्यावरून ओळखतात. नावं लेकीने ठेवली, पडवळाच्या अंगावर फिकट पांढरे पट्टे होते म्हणून पडवळ. हे मूळचे येमेन आणि सौदीच्या नैऋत्य कोपऱ्यातले, पण आमचे इथेच कॅनडात अंड्यातून निघालेले, ब्रीडरकडून घेतलेले. भारतातून कुणी वाचत असेल तर आधीच सांगते, आपल्याकडचा शॅमेलिऑन, ज्याला सरडगुहिरा म्हणतात, काही भागात घोयरा म्हणतात, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला घरी ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. शेतात, कुंपणावर दिसला तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या, मारू नका, विषारी वगैरे काही नसतो तो बिचारा.

आता हवेचं. कॅल्गरीत जे राहतात त्यांना सांगायला नको, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. याचं कारण मला नीट समजलं तेव्हा पुढचं सगळं सोपं झालं. मायनस वीसची हवा कितीही दमट म्हटली तरी तिच्यात घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २१ डिग्रीला तापली की तिची मावायची ताकद होते १८ ग्रॅम, पाणी मात्र तेच एक ग्रॅम, मग ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते, आपल्या कातडीतून, कुंड्यांतून, लाकडी फर्निचरमधून, आणि बोटाएवढ्या पिल्लाच्या अंगातून तर सगळ्यात आधी, कारण जीव जितका लहान तितकं त्याच्या वजनाच्या मानाने कातडं जास्त. आमच्या दिवाणखान्यात त्या जानेवारीत १८ टक्के ह्युमिडिटी होती. मग घराचाच ह्युमिडिफायर वाढवा असं कुणीही म्हणेल, आम्हीही वाढवला, दोन दिवसांत खिडक्यांना आतून बर्फ धरला आणि चौकटीतून पाणी ओघळायला लागलं. कडक थंडीत अख्खं घर दमट करता येत नाही, भिंती आणि खिडक्या खराब होतात, जे काय करायचं ते पिंजऱ्यापुरतंच करायचं.

पिल्लं आणली तेव्हा ज्या दुकानातून सामान घेतलं तिथल्या माणसाने सांगितलं होतं की पाण्याची वाटी ठेवा, हाताने दिवसातून दोनदा फवारा मारा आणि हा फॉगर घेऊन जा, दिवसभर चालू ठेवा, पिंजरा धुक्याने भरलेला दिसला पाहिजे. दिसायला फार सुंदर दिसायचं हो, हिरव्या पानांतून धुकं, मधे ही एवढीशी पिल्लं, आम्ही फोटो काढून सगळ्यांना पाठवले. पण शॅमेलिऑन सहसा वाटीतलं पाणी पीत नाही, साठलेलं शांत पाणी त्याला पाणी म्हणून सहसा कळत नाही. त्याला पानावर थेंब हलताना, चमकताना दिसावा लागतो. आणि धुकं म्हणजे थेंब नाही, ते पिंजऱ्यात फिरतं आणि जाळीतून निघून जातं, पानं वरवर ओलसर होतात पण चाटण्यासारखं काही साचत नाही.

१३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आमच्या चांगली लक्षात आहे, कारण तेव्हा आमच्या अख्ख्या अल्बर्टा प्रांतात सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले, विजेची टंचाई आहे, नको ते दिवे बंद करा म्हणून सरकारी इशारा आला होता. बाहेर मायनस पस्तीसच्या आसपास. आम्ही घरभर फिरून दिवे बंद करत होतो आणि लेक पिंजऱ्यापाशी टॉर्च घेऊन उभी होती, म्हणाली आई, इकडे ये, पडवळाची शी बघ. पालीच्या शीला पांढरं टोक असतं ना, तसंच यांचंही असतं, त्याला युरेट म्हणतात, ते पांढरं असेल तर पोटात पाणी आहे. पडवळाचं केशरी होतं, वाळून खडूसारखं झालेलं. मग चेहरा बघितला तर डोळे आत गेलेले, म्हणजे शॅमेलिऑनचा डोळा कसा छोट्या शंकूसारखा बाहेर आलेला असतो, तो शंकूच खोबणीत बसल्यासारखा. मागच्या पायाच्या दोन बोटांना कातीचे तुकडे चिकटून राहिले होते, ते घट्ट राहिले तर पुढे बोटाचं रक्त अडतं. रात्रभर जिवाची घालमेल. ठेचा त्या मानाने बरा होता, तो पहिल्यापासून जास्त धीट, हातातल्या फवाऱ्याला न घाबरता पाणी चाटायचा, पडवळ मात्र बाटली दिसली की पानामागे जायचा, आणि आम्हाला वाटत राहिलं की दोघांना सारखंच पाणी मिळतंय.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडे नेलं, गाडी आधी पंधरा मिनिटं गरम करून, डब्यात टॉवेल घालून, डबा जॅकेटच्या आत धरून. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, आणि मग जे समजावलं त्यावर हा सगळा रिव्ह्यू उभा आहे. त्या म्हणाल्या, याला सारखं दमट नको, याला रात्री दमट आणि थंड हवंय, दिवसा कोरडं आणि ऊबदार, आणि मधेमधे प्यायला खरे थेंब. दिवसा दिवा तापलेला असताना धुकं सोडत राहिलं तर गरम आणि ओलं दोन्ही एकत्र येतं आणि फुप्फुसाचं इन्फेक्शन तिथेच होतं. रानात पहाटे धुकं येतं, पानांवर दव पडतं, प्राणी झोपेत दमट हवा श्वासात घेतो, त्यामुळे रात्रभरात त्याचं पाणी फारसं खर्च होत नाही, सकाळी उठून दव चाटतो आणि मग उन्हात अंग वाळवतो. अण्णांना हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, अगं, मग यात नवीन काय, आपला शाळू नाही का दहिवरावर येत, थंडीत पाऊस कुठे असतो, हरभरा, शाळू सगळं दहिवरावरच. मला दहिवर, म्हणजे दव, हा शब्द इतका पटला की आमच्या घरात तेव्हापासून सकाळच्या फवाऱ्याला दहिवरच म्हणतात, लेकसुद्धा.

मशीनकडे यायच्या आधी एक छोटी गोष्ट, जी तुम्ही सगळ्यात आधी करा. आमच्या पिंजऱ्यात दमटपणा मोजायचं काट्याचं गोल मीटर चिकटवलेलं होतं आणि ते कायम ५५ दाखवायचं, फवारा मारला तरी ५५, आठवडाभर कोरडं ठेवलं तरी ५५. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो होतो. डिजिटल मीटर घ्या, आणि तेही तपासा, घरचं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात एवढंच पाणी की ओल्या वाळूसारखं होईल, मीठ विरघळून जाता कामा नये, ते झाकण आणि मीटर दोन्ही एका हवाबंद डब्यात शेजारी ठेवायचे आणि सात-आठ तास उघडायचं नाही. मिठामुळे डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मीटरने ७१ दाखवलं तर ते चार कमी दाखवतंय, तेवढं लक्षात ठेवायचं. आमचं काट्याचं त्या डब्यातही ५५ वरच होतं. आता गोव्ही कंपनीचे ब्लूटूथवाले दोन मीटर आहेत, फोनवर रात्रभराचा ग्राफ दिसतो, पहाटे तीनला काय झालं ते सकाळी चहा पिताना कळतं, त्यातून फार शिकायला मिळालं.

तर मिस्टकिंग. स्टार्टर सेट घेतला, जास्तीचे नोझल (फवारा सोडणारं बारीक तोंड), बादली, बाकी सटरफटर धरून दोनशे कॅनेडियन डॉलरच्या थोडं वर गेलं, म्हणजे स्वस्त नाही. कॅनडातलीच कंपनी आहे त्यामुळे पार्सल लवकर आलं. आत काय असतं तर एक छोटा डायफ्रॅमचा पंप, बारीक नळी, नोझल, आणि एक टायमर. मला विचाराल तर निम्मे पैसे त्या टायमरचे आहेत. बाजारात जे साधे टायमर मिळतात त्यांत कमीत कमी मिनिट असतं, काहींत तर पंधरा मिनिटं, आणि पिल्लाच्या पिंजऱ्यात पंधरा मिनिटं फवारा म्हणजे पूर. याच्यात सेकंदात लावता येतं. सकाळी दोन मिनिटं, दुपारी चाळीस सेकंद असं हवं ते. दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे पंप थांबला की नळीतलं उरलेलं प्रेशर एका छोट्या व्हॉल्व्हमधून परत बादलीत सुटतं, त्यामुळे नोझल नंतर ठिबकत बसत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्यांनी लाकडी जमिनीवर पिंजरा ठेवलाय त्यांना त्याची किंमत कळेल. आणि बादली रिकामी झाली तरी पंप जळत नाही, नुसता कोरडा फिरत राहतो.

बसवायला आम्हाला एक दुपार लागली. झाकण असलेली वीस लिटरची बादली घेतली, खाण्याच्या वस्तूंसाठी चालते ती, तळाशी ड्रिलने भोक पाडून जोड बसवला, नळी वर नेली. पंप पहिल्यांदा आम्ही लाकडी फळीवर ठेवला होता, तर पहाटे साडेसहाला अख्खी फळी थरथरायची आणि खालच्या खोलीत ऐकू जायचं, मग स्पंजच्या जाड तुकड्यावर ठेवला, आता फक्त घुर्र एवढाच आवाज. विजेच्या वायरीला प्लगच्या आधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून पाणी ओघळलंच तर झोळातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि नोझलचं तोंड दिव्याकडे नको, तापलेल्या बल्बवर गार पाणी पडलं तर तो फुटतो. पिल्लाच्या रोजच्या बसायच्या फांदीवरही थेट नको, पानांवर मारायचं, आणि एक कोपरा असा ठेवायचा जिथे अजिबात पाणी पोचत नाही, ज्याला नकोय त्याला बाजूला जाता आलं पाहिजे.

पहिल्या दिवशीची सकाळ सांगते. दिवे लागायच्या आधी साडेसहाला टायमर चालू झाला, आम्ही दोघी गालिच्यावर बसलेलो, खोलीत अंधुक उजेड. पहिला अर्धा मिनिट पडवळ हललाच नाही, रात्रीच्या फिकट रंगात, शेपटीची गुंडाळी करून झोपलेला. मग पानांवर थेंब गोळा व्हायला लागले, एक थेंब घरंगळत त्याच्या डोक्यावरच्या तुऱ्यावर पडला, तुऱ्यावरून उतरत नाकापर्यंत आला. त्याने एक डोळा उघडला, फुगवला, गरागरा फिरवला, पापणीतली घाण धुऊन काढल्यासारखा. मग समोरच्या मनी प्लांटच्या पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबाकडे मान लांब केली आणि चाटला. एक, मग दुसरा, मग मान वर करून गळा हलवत गिळायला लागला. पहिला थेंब चाटेपर्यंत दीड मिनिट गेलं होतं, मी फोनवर बघत होते. आणि हाताने फवारा मारताना आम्ही वीस-पंचवीस सेकंद मारून कामाला निघून जायचो! त्याला पाणी आहे हे कळायच्या आधीच पाणी बंद व्हायचं. त्या दिवशी माझ्या जिवात जीव आला. पाचव्या दिवशी युरेट पांढरं झालं, टोकाला थोडी पिवळट झाक, ती चालते.

आमचं लहानपणचं वेळापत्रक असं होतं: सकाळी साडेसहाला दोन मिनिटं, दहाला एक मिनिट, दुपारी तीनला एक, आणि संध्याकाळी सातला दिवे गेल्यावर सव्वासातला दोन मिनिटं. दोन फवाऱ्यांच्या मधे पानं पूर्ण वाळली पाहिजेत, हे फार महत्त्वाचं आहे, सतत ओलं राहिलं तर बुरशी आणि जंतू. कॅल्गरीत वाळायची काळजीच नसते, अर्ध्या तासात सगळं खडखडीत, पण तुम्ही व्हॅंकुव्हरला किंवा कुठे दमट ठिकाणी असाल तर मधले, दहाचा आणि तीनचा, दोन्ही काढून टाका. आता दोघं मोठे झालेत तर आम्हीही मधले बंद केले, सकाळ-संध्याकाळ पुरतं.

पण नुसत्या मिस्टकिंगने हवेतला दमटपणा टिकत नाही हे सांगितलं पाहिजे. जाळीचा पिंजरा, १६ बाय १६ बाय ३० इंची, चारी बाजूंनी उघडा, बाहेर १८ टक्के हवा, ग्राफवर दिसायचं की फवाऱ्यानंतर आकडा ८० ला जातो आणि वीस मिनिटांत परत २५. सगळे जाळीचा पिंजरा घ्या म्हणतात कारण हवा खेळती पाहिजे, ते खरंच आहे, पण ते दमट गावांसाठी जास्त खरं आहे. आम्ही तीन बाजूंना पारदर्शक पोकळ प्लास्टिकची शीट, ती घरं विकायच्या पाट्यांना वापरतात ना तसली, केबल टायने बांधली. पुढचं दार आणि छत जाळीचंच ठेवलं, खालून थोडी फट. हवा खालून वर जाते, कोंडत नाही, पण ओल टिकते. बारा डॉलरची शीट आणि रात्रीचा आकडा ४० वरून ७० ला. दोन पिंजऱ्यांच्या मधल्या बाजूला पांढरी अपारदर्शक शीट लावली, कारण दोघांनी एकमेकांना बघता कामा नये, नुसतं दिसलं तरी ताण येतो. ही जात एकेकटीच राहते, भाऊ-भाऊ असले तरी.

आणि फॉगर, ज्याला मी आधी नावं ठेवली, तोच आता रात्री वापरतो. तो पहिला नाही, त्याची बाटली जोडापाशी गळायची आणि नळीत खोलगट जागी पाणी साठून धुकं अडायचं, तो टाकून दिला. मोठी टाकी असलेला, वरून भरायचा साधा खोलीचा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर घेतला आणि त्याच्या तोंडाला प्लंबिंगचा पाइप जोडून छतावरून आत सोडला. पाइप कुठेही खाली वाकता कामा नये, चढता किंवा उतरता सरळ, नाहीतर तीच गत. रात्री बारा ते पहाटे पाच, पंधरा मिनिटं चालू, पंधरा बंद. खोली रात्री १८-१९ डिग्रीला येते, सगळे दिवे बंद, लाल दिवासुद्धा नाही, त्यामुळे थंड धुकं राहतं, आकडा ८५-९० ला जातो आणि सकाळी सहापर्यंत पानांवर खरंच दव दिसतं. ज्या दिवशी रात्री हीटर लागला आणि खोली २४ च्या खाली गेली नाही, त्या रात्री आम्ही फॉगर लावत नाही. एक कडक नियम: दर आठवड्याला टाकी रिकामी, पांढरं व्हिनेगर घालून घासायची, खळखळून धुवायची, वाळवायची. ते यंत्र पाण्यात जे असेल ते हवेत उडवतं, बुळबुळीत टाकीतले जंतू थेट पिल्लाच्या फुप्फुसात. ज्यांना दर रविवारी हे जमणार नाही त्यांनी फॉगर घेऊच नये, शीट आणि फवाऱ्यावर भागवावं.

पाणी कुठलं वापरायचं यावर फार प्रश्न असतात. कॅल्गरीचं नळाचं पाणी बो आणि एल्बो नद्यांचं, डोंगरातून येतं, प्यायला उत्तम पण हार्ड आहे, किटलीत पांढरा थर बसतो तोच थर नोझलच्या केसाएवढ्या भोकात बसतो. फॉगरमध्ये तर फर्निचरवर पांढरी पावडर पडते. आम्ही पहिले दोन महिने नळाचं वापरलं, एक नोझल धुकं सोडायच्या ऐवजी एका बाजूला पिचकारी मारायला लागलं, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं तेव्हा मोकळं झालं. तेव्हापासून चार लिटरचे डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणतो. दोन्ही पिंजरे मिळून दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागायचं. डिस्टिल्डमध्ये मिनरल नसतात म्हणून काहींना काळजी वाटते, पण ते त्यांना किड्यांतून आणि कॅल्शियमच्या पावडरीतून मिळतात. जून २०२४ मध्ये शहराची मुख्य जलवाहिनी फुटली आणि घरोघरी पाणी कमी वापरा म्हणून सांगत होते, तेव्हा आमच्या कपाटात सहा कॅन होते, पिल्लांचं काही अडलं नाही.

वापरलेलं पाणी कुठे जातं हा प्रश्न खरेदी करताना सुचत नाही आणि तिसऱ्या दिवशी पायाला ओलं लागतं तेव्हा सुचतो. पिंजऱ्याखाली ट्रे हवा, पिंजऱ्यापेक्षा मोठा, आम्ही वॉशिंग मशीनखाली ठेवतात तो घेतला, त्याला भोक पाडून नळी खालच्या बादलीत. ते पाणी रोज टाकायचं, त्यात शी मिसळलेली असते. झाडांनाही नको घालू.

ड्रिपरबद्दल थोडक्यात, कारण तो सगळ्यात स्वस्त आणि पिल्लांना सगळ्यात आवडता. प्लास्टिकचा डबा, खाली नळी आणि घट्ट करायचा खटका, सलाईनसारखं थेंब थेंब. लेक शाळेतून आली की चार वाजता सुरू करायची, वीस मिनिटं, सेकंदाला एक थेंब, जास्वंदीच्या एकाच पानावर टपटप. ठेचा आवाज ऐकून वरून खाली यायचा. पैसे कमी असतील तर आधी तपासलेलं मीटर, प्लास्टिकची शीट, ड्रिपर आणि हाताने पंप मारून दाब भरायचा बागेतला नवा कोरा स्प्रेअर घ्या, ज्यात कधी औषध घातलेलं नाही असा. घरात दिवसभर कुणी असेल तर एवढ्यावर पिल्लू छान वाढतं, फक्त दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं उभं राहून मारायचं. आम्ही दोघंही कामावर, लेक शाळेत, म्हणून आम्हाला मशीन लागलं.

खाण्यातूनही पाणी जातं हे विसरू नका. आपण रातकिडे देतो, ते स्वतः कोरडे असतील तर पिल्लाला काय मिळणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. किड्यांना आदल्या दिवशी संत्र्याची फोड, गाजर, कोलार्ड या पालेभाजीची पानं घालायची. रातकिडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आठवड्यातून एखादी छोटी हॉर्नवर्म नावाची अळी किंवा रेशमाची अळी, त्यांत पाणी भरपूर असतं. व्हिटॅमिन डी३ नसलेलं कॅल्शियम रोज चिमूटभर भुरभुरायचं, डी३ वालं दोन आठवड्यांतून एकदा, आणि यूव्हीबीची, म्हणजे अतिनील किरणांची, लांब टी५ ट्यूब हवीच, गोल बल्बवर भागवू नका. आणि पिल्लांना उबेची फांदी २७-२८ डिग्रीपेक्षा गरम नको, आमची पहिल्यांदा ३३ होती, त्या उष्णतेनेही पडवळ सुकत होता हे नंतर कळलं.

आता ठेचा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४८ सेंटीमीटर आहे, पडवळ ४३. पडवळाची दोन्ही बोटं वाचली. दुसऱ्या हिवाळ्यात एकदाही केशरी दिसलं नाही. मशीनचं म्हणाल तर दोन वर्षांत दोन नोझलचे रबर आणि एक नळीचा तुकडा बदलला, पंप पहिलाच आहे.

डिसेंबरमध्ये आम्ही तीन आठवडे मिरजेला जातोय, आणल्यापासून पहिल्यांदाच दोघांना सोडून. शेजारची मैत्रीण येणार आहे, पाण्याचं सगळं टायमर बघेल, तिने फक्त रातकिडे टाकायचे आणि रविवारी बादली भरायची. रात्रीचा फॉगर बंद करून ठेवतेय, टाकी घासायचं ओझं तिच्यावर नको, त्याऐवजी संध्याकाळचा फवारा दोनाचे तीन मिनिटं केलाय, गेले दहा दिवस तसं चालवून बघितलं, रात्री ६५ टिकतंय. लेकीने फ्रिजवर कागद लावलाय, मोठ्या अक्षरात एकच ओळ: मावशी, रोज शीचं टोक बघ, पांढरं नसेल तर फोटो काढून लगेच पाठव, तिकडे रात्र असली तरी चालेल.